डावा कमी

परीक्षकांच्या शेऱ्यात दोनच शब्द होते :
डावा कमी.
मयेच्या भजनस्पर्धेत आमचं मंडळ पाचवं आलं
आणि परतताना शाणू पेटीवाला
डिचोली येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

पुतण्याने मोबाइलवर सगळं टिपलं होतं.
दुसऱ्या दिवशी गाडीत लावलं.
शाईची बाजू टणटणीत, टाळ तर कानात खिळे ठोकत होते.
धुमा मात्र नव्हता.
पाण्याचा हात लावून लावून बेतानं चढवलेली कणीक,
तिचा आवाज एवढाच :
शेजारच्या घरात कोणी पाट ठेवावा.

म्हणजे खरंच कमी.
पावसाळ्यापासून खांदा धरतो माझा,
हे घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

तरी आधी गाडीवर संशय घेतला.
माणूस आधी दुसऱ्यावरच घेतो.
बास अधिक सहावर नेला,
दाराच्या कप्प्यातली पाण्याची बाटली तेवढी थरथरली.
रॉक, पॉप, जॅझ, क्लासिकल —
क्लासिकलमध्ये व्हायोलिनवाले दाटीनं बसले असावेत,
पखवाजाला मांडी घालायला जागा नव्हती.
मागचा आवाज पुढे आणला, पुढचा मागे.
मेव्हणा म्हणाला, कंपनीचे स्पीकर, कागद नुसता,
सीटखाली सबवूफर टाक, अठरा हजार.
मी पाणीखात्यात मीटर वाचतो.
अठरा हजारांत चांगला पखवाज येतो, वर गवसणी.

सेबीचं गॅरेज बोर्ड्याला, फणसाखाली.
त्यानं हत्यार उचललं नाही.
आत बसला, दार ओढलं,
डोळे मिटून माझा चौताल ऐकला.
मग बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला —
धा.
पोटात. सीटच्या पाठीतून.
पूर्ण उजवीकडे —
परत धा.
मधोमध आणला
आणि धुमा गेला, कोणी उचलून नेल्यासारखा.

‘दोगूय बरे आसात, पात्रांव,’ सेबी म्हणाला,
‘पूण एकामेकांक काटतात.’

दारांची आतली पाटी उघडली. उजवीकडचं प्लास्टिक फाटलेलं,
गंज, वाळू, कोणाची तरी कानातली रिंग.
टॉर्चचा सेल काढून त्यानं स्पीकरच्या तारांना टेकवला :
डाव्या दारातला पडदा टपकन बाहेर आला,
उजव्यातला आत गेला.
गेल्या वर्षी अस्नोड्याला ट्रकनं दार नेलं होतं,
नवं बसवणाऱ्यानं दोन तारा उलट जोडल्या.
एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो.
टाळ त्यातूनही निसटतात,
बारीक आवाजांना भांडण फारसं लागत नाही.
जाड आवाज मधल्यामध्ये मरतो.
वर्षभर मी त्या दोघांच्या मध्ये बसून
पाणीबिलं वाटत हिंडत होतो.

तारा बदलायला पाच मिनिटं.
फाटक्या प्लास्टिकवर डांबरी पट्टी.
दीडशे रुपये, आणि रिंग त्यानं खिळ्याला अडकवून ठेवली.

साखळीच्या रस्त्याला लागल्यावर लावलं.
धा धा दिं ता —
ओला, खोल, कणकेचा वास यावा असा.
स्टिअरिंगवर थाप मारून मी मोठ्यानं म्हटलं,
परीक्षक बहिरा!
किट धा दिं ता
तिट कत गदि गन

गदि गन.

मागे नेलं. पुन्हा.
कारापूर तिस्कावर गाडी बाजूला घेऊन चौथ्यांदा ऐकलं.

कमी नव्हताच.
उशिरा येत होता.
शेवटच्या ग ला केसभर,
आणि उजवा समेच्या तोंडाशी एकटाच उभा,
तिस्कावर बसची वाट बघणाऱ्यासारखा,
घड्याळाकडे न पाहता.
मघापर्यंत हे दोन तारांनी झाकून ठेवलं होतं.

शाणूला फोन लावला.
सांगितलं सगळं, सेल, पडदे, दीडशे रुपये,
आणि ते ग.
पलीकडे पेटीचा भाता एकदा हलला.
मग तो म्हणाला,
‘खांदा डावाच ना?’