कावळपायऱ्या

फितीचं एक टोक आशेरच्या हातात, दुसरं माझ्या.
कोलशेतला, खाडीकडे पाठ करून
हे देऊळ उभं आहे.
मंडळीतली म्हातारी माणसं देऊळच म्हणतात त्याला.
मी नोंदवहीत लिहिते: चर्च, एक.
पाळकाचं घर, एक.
मध्ये फरशीची वाट, त्रेचाळीस पावलं.

छपराचा कोन एक्कावन्न अंश.
एवढा उतार बर्फासाठी देतात,
साचू नये, आपल्याच वजनानं घसरावं म्हणून.
आशेर मान वर करतो. ‘मग इथं काय घसरतं?’
खारी, मी म्हणते.
आणि चारनंतर शेजारच्या टॉवरची सावली,
चोवीस मजले एका दमात.

स्कॉटलंडातल्या कुठल्याशा खेड्याचा नकाशा
साहेबानं पेटीत घडी घालून आणला होता.
तिकडची मापं, तिकडचा वारा,
तिकडचा काटकसरी सूर्य.
म्हणून मोठ्या खिडक्या सगळ्या दक्षिणेला.
त्या तापल्या. मग विटांनी बुजल्या.
बुजवलेल्या विटांचा लाल वेगळा आहे,
उन्हाकडे तोंड करून डोळे मिटले
की पापणीआडून दिसतो तसा.

दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींवर पायऱ्या आहेत,
हातभर रुंद, दगडी,
चढून जावं असं वर काहीच नसलेल्या.
तिकडे त्यांना कावळ्याच्या पायऱ्या म्हणतात.
हे ऐकून प्रियंवदाबाई उजगरे चहा सांडेपर्यंत हसतात.
‘इथल्या कावळ्यांना कुणी कळवलं हो?’
आत्ता सात बसलेत. पायरीला एक.
सर्वांत वरचा चोच पुसतोय,
सेवाज्येष्ठ असावा.

दगड पारसिकचा. चुना खाडीतल्या शिंपा जाळून केलेला.
बांधणारा गोमा म्हात्रे.
गोमा म्हणाला होता म्हणे, दार मावळतीला नको,
पाऊस दारानंच आत येल.
साहेबानं नकाशावर बोट ठेवलं.
आषाढात पाणी चपला न काढता
थेट व्यासपीठापर्यंत चालत गेलं.

हे कुठल्याही दप्तरात नाही.
पण दाराला पडवी आहे.
बुटकी, सागाच्या चार खांबांची,
उशिरा आलेल्या माणसासारखी मान खाली घालून उभी.
नकाशात ती नाही.
भिंत आणि पडवी यांच्यात एक सांधा आहे,
नख जाईल एवढा.
मी नख घालून बघते.

आणि घरात,
ठाण्यातल्या घरात,
विस्तवासाठी भिंतीत कोरलेली चूल, वर उंच धुराडं.
‘पेटवली कधी?’
‘एकदाच. दुसऱ्या पाळकांच्या बायकोला हिवताप भरला,
मे महिन्यात कुडकुडत होती बिचारी.’
पुढे धुराड्यात बोंबील टांगले. खाली एक कोंबडी
दर वर्षी खुडूक बसायची.
मग लोणच्याच्या बरण्या आल्या, कारण घरात
एवढी कोरडी जागा दुसरी नाही.
मी लिहून घेते: काजळी, अर्धं बोट.
तेलाची वर्तुळं, अकरा.

संध्याकाळी मापं जुळवताना वाट जुळत नाही.
फरशा मधोमध झिजल्यात,
घराच्या उंबऱ्यासमोर सर्वांत खोल.
दर रविवारी इथे कुणीतरी थांबलं असणार,
प्रवचनाचा शेवट न सुचलेलं.
एवढं ओझं दगडाला कळतं.
माझ्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

तक्त्यात रकाने दोनच:
मूळ. नंतरचे.
खिडक्यांच्या विटा, नंतरचे.
घंटेवरचा पत्रा, नंतरचे.
पडवीपाशी पेन्सिल अडते.
आशेर फीत गुंडाळतोय, ती शेवटी नेहमीप्रमाणे
सापासारखी सळकन आत जाते.
वरचा कावळा उडाला, खालच्यानं
लगेच जागा घेतली.

पडवी: मूळ, असं मी लिहिते.
ऑफिसातून तक्ता परत येईल, लाल शेरा मारून.
येऊ दे.