उरलेला द्राक्षारस

रेव्हरंड पार्डी अकरा महिने बाटलीला शिवलेले नाहीत,
हे न्यूफाउंडलंडच्या या बंदरात सगळ्यांना ठाऊक.
मागच्या हिवाळ्यात टॉम बफेटला त्यांनी पुरलं
ते भलत्याच नावाने.
कोणी बोललं नाही. मासे खारवत राहिलो.

आज धुकं. प्रभुभोजनाला आम्ही नऊच जण,
पेल्यात ओतलेलं तिसांपुरतं.
पवित्र केलेला द्राक्षारस मोरीत ओतायचा नाही,
बाटलीत परत भरायचा नाही,
पाळकाने संपवायचा.
त्यांनी नुसते ओठ टेकवले होते.
आता पेला हातात, आणि हात
दाव्याला हिसके देणाऱ्या होडीसारखा.

ड्रुसिला टिबो उठली. मेथडिस्टांच्या घरातली,
नवव्या वर्षी दारूबंदीच्या शपथेवर सही केलेली,
स्वतःच्या लग्नात पाहुण्यांना चहा पाजलेली.
गुडघे टेकले नाहीत, ते आता वाकत नाहीत.
"आणा इकडे," म्हणाली,
आणि डोळे मिटून
तळापर्यंत प्यायली.

रेव्हरंड पेला विसळत राहिले,
किती तरी वेळ.

बाहेर पायऱ्यांवर तिने माझा दंड धरला.
समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता.
जिभेने दात चाचपत ती म्हणाली,
"याच्यापायी बुडतात होय गं माणसं?"