घट

शमशादनं गल्ल्यावर चादर टाकली.
काल वाळत घातलेली, पांढरी होती म्हणे.
"वजन करा की, अप्पा."

उदगिरात आमची डाळमिल तीस वर्षांची.
तुरीत घट किती धरायची
यावर अडत्याशी तासन्‌तास भांडलेला माणूस मी;
पोत्यामागं पावशेर सोडत नाही.
हसलो.
तरी चादर झटकली कागदावर,
भुकटी काट्यावर ठेवली.
अकरा ग्रॅम.

"हे एका चादरीचं," ती म्हणाली,
"गल्लीत दोऱ्या किती, मोजा.
आन् सासूच्या छातीतलं
कुठल्या काट्यावर घेताव?"

रात्री छतावर गेलो.
पत्र्यांवर, लिंबावर, बंद पडलेल्या पाणपोईवर
माझीच तूर, पिवळी, बारीक,
कुठल्याच वहीत न चढलेली.

दिवाळीआधी सायक्लोन बसवला.
महाग पडला, खोटं कशाला सांगू.
आता भुकटी पोत्यात पडते,
म्हशीवाले नेतात, रोख देऊन.
शमशाद अजून बोलत नाही माझ्याशी,
पण दोरीवर कपडे असतात.

काशिलिंगराव, तुमच्या मिलचा धुरळा
रोज उगवतीकडं जातो.
खर्चाचा कागद मागताव, देतो.
आधी एक पांढरी चादर
तुमच्या मागच्या गल्लीत वाळत घाला.