छप्पन थर

सेकंड शिफ्ट सुटली की मी उद्यमबागेतून निघतो,
जेवणाच्या डब्यात भंगार घेऊन:
फुटक्या बेअरिंगची रिंग,
वखारीतल्या करवतीचं तुटकं पातं.
गेटवरचा वॉचमन डबा हलवून बघतो,
"काय जेवलास रे आज, खिळे?"

किणयेत लुमाण्णा जागाच असतो.
दिवा लावत नाही.
लोखंडाचा रंग अंधारातच खरा, म्हणतो,
उजेडात ते बी माणसासारखं खोटं बोलतंय.

बेअरिंगचे चार, करवतीचे तीन,
सात थर तारेनं बांधून भट्टीत.
वर टाकणखार, मीठ पेरावं तसा;
तो काचेसारखा पाघळतो, मळ घेऊन वाहून जातो.
मी पंखा फिरवतो.
लाल. थांब.
केशरी. थांब की.
पिकल्या लिंबाचा पिवळा, आणि
"हाण!"
पहिला घाव हलकाच. जोडायला जोर लागत नाही,
तो पुढं लागतो.

गार झाल्यावर टिचकी मारून त्यानं तुकडा कानाशी धरला.
भद्द.
आत कुठंतरी एक थर दुसऱ्याला शिवलाच नव्हता.
कोपऱ्यात फेकला,
तिथं आधीचे दोन होतेच.

वस्तरा शिवलिंग हडपदला द्यायचाय.
तीस वर्षांमागं नवरदेवाची दाढी करून
त्यानं पैसे घेतले नाहीत,
तेव्हा भर मांडवात लुमाण्णा बोलून गेला:
तुला वस्तरा घडवून देईन,
तोवर गालाला धार लावून घेणार नाही.
पहिली दहा वर्षं लोक हसले.
मग ठिणग्यांनी जागोजाग करपलेली ती दाढी
गावाच्या सवयीची झाली.
आता शिवलिंगच्या दुकानात अर्धं ब्लेड,
दर गिऱ्हाईकाला नवं.
पोरगा म्हणतो, अप्पा, वस्तऱ्याला लोक भितात.
शिवलिंग काही बोलत नाही. संध्याकाळी येऊन
भट्टीच्या उंबऱ्यावर बसतो. बशीतला चहा
त्याच्या हातात डुचमळतो.

कुरणे मास्तर एकदा उभे राहिले:
"वा! दोन जातींचं पोलाद, एकच वस्तरा,
जशी आपल्याकडं मराठी आणि कन्नड..."
लुमाण्णा म्हणाला, "मास्तर, सरका,
पायावर पडंल."

चौथ्यांदा बसलं.
सातचे चौदा, अठ्ठावीस, छप्पन.
तापवून पीळ दिला, पुन्हा चपटा केला.
पाणी द्यायचं म्हणतात, पण देतात शेंगतेलात;
गल्लीला वाटलं भजी तळतायत.
मग तव्यावर वाळू, वाळूवर पातं,
गव्हाच्या काडाचा रंग चढेपर्यंत.
तवा बायकोचा. पुढं आठवडाभर
त्यावर भाकरी कमी, भांडण जास्त.

चाकावर पोट खोल केलं,
सर्किटच्या पाट्या खोदायच्या ॲसिडात बुडवलं, धुतलं.
बेअरिंग काळं पडलं, करवत पांढरी राहिली:
मार्कंडेयचं पाणी ओसरल्यावर
वाळूवर उरतात तशा रेषा.
बुडाशी, धारेपासून लांब,
केसाएवढी एक काळी चीर.
आम्ही तिघांनी पाहिली.
शिवलिंगनं तिच्यावर अंगठा ठेवला
आणि अंगठ्याला तीच जागा मानवली.

रविवारी अंगणात खुर्ची.
चामड्याच्या पट्ट्यावर चाळीस वेळा,
ओंदु, एरडु, मूरु,
शिवलिंग मोजत होता आणि मोजता मोजता
त्याचा हात थरथरायचा थांबला.
निखारा बोटांनी सरकवणाऱ्या लुमाण्णानं
फेस लागताच डोळे गच्च मिटले.
गळ्याची घाटी वर गेली.
"नुंगबेडा," शिवलिंग म्हणाला. गिळू नको.

करकर असा बारीक आवाज,
उंदीर कागद कुरतडतो तसा.
दाढीखालून निघाला एक वेगळाच माणूस:
कपाळ काळं, जबडा गोरा,
हनुवटीवर कुठल्यातरी जुन्या भाजल्याची टिकली.
चहा घेऊन बायको बाहेर आली
आणि पदर सावरून पुन्हा आत गेली.

सोमवारी मी सवयीनं डबा उघडला,
नवं पातं ऐरणीवर ठेवलं.
"आता हे कुणाला?" लुमाण्णा म्हणाला,
आणि विचार करताना ओढायची म्हणून
हात दाढीकडं नेला.
हात तिथंच
हवेत जरा वेळ राहिला.