पान्हा लागत नाही

पहाटे साडेचारला बाबा पंप बंद करायचे
आणि स्नेक नदीच्या काठचं सगळं शेत
एकदम बहिरं व्हायचं.
मग आम्ही निघायचो, मी आणि वर्ल.
मांडीपर्यंत रबरी बूट, हातमोजे कालचेच ओले,
आणि खिशात काहीही नाही.
या कामाला पान्हा लागत नाही, फिदेन्सियो म्हणायचा,
जो पान्हा शोधतो
त्याची नळीशी अजून ओळख व्हायची आहे.

अ‍ॅल्युमिनियमची नळी, चाळीस फूट.
वजन म्हणाल तर काहीच नाही,
पण तिला धरायची ती बरोबर मध्यावर.
मध्य चुकला की एक टोक बटाट्याच्या सरीत नाक खुपसतं
आणि दुसरं आभाळात जातं,
जिथे विजेच्या तारा आहेत.
लीविटांच्या धाकट्यानं आत बसलेला ससा बाहेर काढायला
नळी उभी केली होती.
आमच्याकडे जेवताना तो विषय निघत नसे.

साठ फूट चालायचं, पाण्यानं फुगलेल्या मातीतून,
एकेक बूट उपटत.
मग जोडणी:
समोरच्या तोंडात खडा नाही ना,
रबराचं कडं दुमडलेलं नाही ना,
हे जाऊन बोटानं बघायचं. परत मध्यावर यायचं.
आणि तिथून, वीस फुटांवरून,
अंधारात न दिसणाऱ्या तोंडात
न दिसणारं टोक घालायचं.

वर्ल ढकलायचा. सोळाचा होता, दंड नवे होते.
ढकललं की नळी हट्टाला पेटते.
उचल जराशी, फिदेन्सियो मला सांगायचा,
मनगट सैल सोड, तिला तिची वाट आठवू दे.
मग आकडा पडतो. टक्.
कानाला नाही,
तळहाताला ऐकू येतं.
एका ओळीत तेहतीस वेळा. ओळीमागे सव्वा डॉलर.
माझी ओळ आधी संपायची
आणि वर्ल न्याहारीला माझ्याशी बोलायचा नाही.

खरं तर जोडलेली ओळ घट्ट नसतेच.
हलवून बघा, पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखी
खुळखुळते.
बाबा पंप सुरू करायचे आणि सांध्यासांध्यातून
पाणी ठिबकू लागायचं, भुर्रकन उडायचं, सगळं फुकट गेलं असं वाटायचं.
मग दाब चढायचा.
निसटू पाहणारं पाणीच
रबराच्या ओठात शिरून त्याला कडेला दाबून धरायचं.
गळती थांबायची.
पाव मैलभर तुषार आधी खोकायचे,
गंजाचं, गोगलगाईचं थुंकायचे,
आणि मग पान्हा फुटावा तसे
एकामागून एक वाहते व्हायचे.
मी चौदाची होते. मला वाटायचं, हे मी केलंय.

आता बाबा नाहीत. फिदेन्सियोची चिठ्ठी
मिचोआकानहून शेवटची कधी आली, आठवत नाही.
शेतात चाकांवरचा लांब हात फिरतो,
त्याला वर्लचा मुलगा फोनवरून थांबवतो.
कुंपणाशी रचलेल्या नळ्या घ्यायला
भंगारवाला येणार होता, म्हणून मी आले.
मृत्युपत्रानंतर आम्ही दोघं
एवढ्या जवळ उभे राहिलो नव्हतो.

दोन नळ्या सुटेनात.
सांध्यावर क्षारांचा पांढरा पापुद्रा.
वर्लनं गाडीतून पान्हा आणला,
दोनदा हाणला, तिसऱ्यांदा हात खाली आला.
मी माझं टोक उचललं. काही बोलले नाही.
त्यानं त्याचं जरासं खाली केलं,
मनगट सैल सोडलं,
कधी शिकला कोण जाणे.
टक्.

आत घरटं आहे कसलंतरी, तो म्हणाला.
नळी तिरकी करायला हवी होती.
दोघांनीही आधी
वर पाहिलं.