पहिला पेला

पहिले तीन आठवडे मी नुसतं पाणी ओतलं.
दुपारी, रेस्टॉरंट बंद,
खुर्च्या टेबलांवर पालथ्या,
हातात चांदीच्या रंगाची किटली
आणि खाली, गुडघ्याजवळ, एवढासा पेला.
"खांद्यातून, लोइक, मनगटातून नाही,"
मॅनेजरबाई सांगायच्या,
"धार तुटली की अनुभव तुटला."

आम्ही अनुभव विकतो.
जेवणाचं बिल वेगळं.

मी ब्रेस्टचा, समुद्राकडचा.
आमच्याकडे सफरचंदाची दारू वाडग्यात ओततात
आणि कुणी बघत बसत नाही.
इथे पॅरिसात, अकराव्या विभागात,
मी हात वर नेला की सगळे फोन वर होतात.
पितळी दिव्यांना हजार भोकं,
त्यांतून उजेड असा पडतो
की प्रत्येकाच्या तोंडावर गोवर उठल्यासारखा.
फोटोत तो छान दिसतो म्हणे.

कोकरू शिजतं तळघरात, स्टीलच्या भल्या पातेल्यात.
तेवरासा शिजवतो, जाफन्याचा.
मोरोक्को त्यानं नकाशात पाहिलाय.
वर पाठवताना ते मातीच्या भांड्यात भरायचं,
त्यावर उंच टोपी चढवायची;
टेबलापाशी मी टोपी उचलतो,
माणसं "आहा" म्हणतात.
वाफ मात्र खरी असते, एवढं सांगतो.

गुरुवारी सात नंबरला: बेनसगीर, दोघी, साडेआठ, वाढदिवस.
मुलगी ऑफिसातून तडक आलेली.
आईनं कोट काढला नाही.
मेनूवर तिचं बोट फिरत होतं
उजवीकडून डावीकडे,
म्हणजे आधी किंमत, मग पदार्थ.
पाव मागितला. पावाचे सहा युरो, मी सांगितलं.
ती मुलीला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली.
मुलगी खळखळून हसली,
मग एकदम हसायची थांबली.

जेवताना मी पाहिलं नाही. माझ्याकडे अकरा टेबलं असतात.
ताटल्या उचलायला गेलो तेव्हा
हाडं धुतल्यासारखी स्वच्छ,
आणि खारवलेल्या लिंबाची साल
काठावर सारलेली.
"आवडलं नाही?"
"लिंबू घाईत होतं," ती म्हणाली.
फ्रेंचमध्ये म्हणाली, अगदी सावकाश,
लिंबाला लागू नये असं.

मग चहा.
मी धरला श्वास, उचलला खांदा,
अशी धार सोडली
की शेजारच्या टेबलानं टाळ्या वाजवल्या.
तिनं वाजू दिल्या.
मग पेला उचलला,
किटलीचं झाकण उघडलं
आणि सगळा चहा परत आत ओतला.

ताट फुटल्यावर होतं तसं शांत झालं.
मुलगी पुटपुटली, "आई."
"पहिला पेला प्यायचा नसतो," तिनं मला सांगितलं,
"पहिला परत जातो. आतल्यांना सांगायला,
बाहेर कसं आहे ते."

पुन्हा ओतला, पुन्हा परत.
मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली,
बस यायची असते तशी.
तिसऱ्यांदा ओतला तो वीतभर उंचीवरून,
बसल्या बसल्या,
आणि फेस आला, दाट, पेल्याच्या गळ्यापर्यंत.
कुणीही फोटो काढला नाही.
तो पेला तिनं माझ्याकडे सरकवला.

टेबलावरचं घ्यायचं नाही, असा नियम आहे.
मी ट्रे काखेत धरून, उभ्यानं घेतला.
फार गोड होता. जीभ भाजली.

खाली जाऊन तेवरासाला लिंबाचं सांगितलं.
वाटलं, चिडेल.
त्यानं फळीवरची बरणी ओढली,
चिकटवलेली तारीख दाखवली.
"महिना लागतो हिला," म्हणाला,
"मला नऊ दिवस मिळतात."
हात पुसत राहिला. मग,
"कितव्या टेबलावर?"

जिन्याच्या वरच्या पायरीवर तो थांबला,
दोन वर्षांत पहिल्यांदा इतका वर.
सात नंबर पुसून झालं होतं.
तिथे चौघं नवे बसले होते,
भांड्याच्या टोपीकडे फोन रोखून.
तो तरीही बघत राहिला,
गालभर गोवर घेऊन,
मॅनेजरबाईंनी नाव घेऊन हाक मारेपर्यंत.
नाव त्यांनी चुकीचं घेतलं.