रिकामी म्हणून ठेवलेली नळी

अल-बाहाच्या कड्यावर, पहाटे,
घर्मुल्लाह गाडी थांबवतो आणि रुमाल नाकाला लावतो.
मी वाकतो. विष्ठा अजून कोमट.
काडीने वरचा थर, हरभऱ्याएवढा,
नळीत. अल्कोहोल. झाकण. एकशे त्रेचाळीस.
"एवढ्यासाठी समुद्र ओलांडलास?" तो विचारतो.
आईनेही फोनवर हेच विचारलं होतं,
शब्द जरा उघडे होते.

पेट्रोलपंपामागे कुणी भात सांडलाय, तिकडे टोळी उतरते.
एक मादी मागे रेंगाळते.
राखाडी आयाळीचा नर वळतो, तिच्या मानेला चावतो,
ती चालू लागते.

इथे नर जन्मल्या कड्यावरच म्हातारे होतात.
माद्या नेल्या जातात, या दरीतून त्या दरीत.
म्हणून बापाकडची खूण एका जागी साचलेली
आणि आईकडची सगळ्या डोंगरात सांडलेली.
अहवालात याला विविधता म्हणायचं.

मार्कर मुळात माणसांसाठी बनवलेले;
माकडांवरही चालतात, कुरकुर न करता.
परवा चालले ते भलतीकडेच:
रिकामी म्हणून ठेवलेली नळी,
नुसतं पाणी,
तिच्यात दोन पट्टे उमटले. एकशे बहात्तर, एकशे ऐंशी.

डॉक्टर सुहैर म्हणाल्या, "तू थुंक बघू यात."
थुंकलो. माझेच निघाले.
आता तक्त्यात सगळ्या माकडांच्या खाली
माझी एक ओळ आहे.
इकाम्यावरही मी इतका नेमका नाही.

खात्रीसाठी आईकडचा तुकडाही वाचला.
चारशे अक्षरं.
आईचं आजोळ कोयनेच्या धरणात गेलं,
गावाचं नाव ती दर वेळी वेगळं सांगते,
कधी नुसतं "पलीकडे" म्हणते.
ही अक्षरं त्या पलीकडून
कुणाकुणाच्या ओटीतून, बैलगाडीतून, लाँचमधून
कोरडी आली आहेत.
बहीण नाही मला.
मावशीला तिन्ही मुलगे.
म्हणजे ती इथवर आली, सौदीतल्या एका फ्रीजपर्यंत,
उणे वीस.

संध्याकाळी घर्मुल्लाह विचारतो, काय निघालं?
कड्यावर त्या मादीच्या पोटाला
काळं पिल्लू चिकटलेलं. लेक की लेकरू, इतक्या लांबून कळत नाही.

काही नाही, म्हटलं,
हातमोजे नीट घातले नव्हते.